मणक्याला इजा झालेल्या भावाला ‘तसाच’ दुसरा माणूस भेटवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: सव्वीस वर्षांचा भाऊ तीन महिन्यांपूर्वी झाडावरून पडला, कमरेखाली संवेदना नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, अशीच इजा होऊन बरीच वर्षं झालेल्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या. आईला वाटतं, दहा वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस बघून पोरगा आणखी खचेल. काय करावं?

ताई, आईंची भीती उडवून लावू नका. माझी आईही अशीच दारात उभी राहिली होती.

2013 साली बांधकामावर सेंटरिंगवरून पडलो. डी-12 ला, म्हणजे छातीच्या मागच्या बारा मणक्यांपैकी शेवटच्या मणक्याला, इजा. चार महिन्यांनी कागलकडचे एक मामा घरी आले, व्हीलचेअरवर. मी भिंतीकडे तोंड केलं. ते वीसेक मिनिटं बसले, वडिलांशी ऊसदराचं बोलले, चहा घेतला आणि निघाले, कारण साडेपाचला त्यांना दुकान उघडायचं होतं. मला धीर देणारं एक वाक्य ते बोलले नाहीत. पण रात्रभर माझ्या डोक्यात एवढंच घोळत होतं की या माणसाला कुठंतरी वेळेवर पोचायचं आहे. शर्टाला इस्त्री होती, हेही लक्षात राहिलं.

आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा मी विचारलं, “मामा, तुम्ही मधनंमधनं हातावर जोर देऊन वर का उठता?”

“बुडाला वारं देतोय पोरा. न्हाईतर जखम हुती.”

मला तोवर हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं: खुर्चीवर दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवा, झोपेत दर दोन तासांनी कूस बदला. पण कागदावरची सूचना आणि बोलता बोलता सवयीनं वर उठणारा माणूस, यात फार अंतर आहे. मामांनीच मागच्या खिशात मोबाईल ठेवायचा नाही हे शिकवलं. रोज रात्री दांड्याच्या आरशात पाठीखालची कातडी बघायची, हेही. विजार वर करून पोटरीवरचा सायलेन्सरचा जुना डाग दाखवला. चटका बसला ते त्यांना कळलंच नव्हतं, वास आला तेव्हा कळलं.

मग लघवीचा विषय निघाला. मला कायमची नळी होती, महिन्या-दीड महिन्याला थंडी वाजून ताप यायचा. ज्या दवाखान्यात होतो तिथं दुसरा काही मार्ग असतो हे सांगायला कुणाला वेळ झाला नाही. मामा म्हणाले, “मी दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालतो, काढून टाकतो. तुला चालतंय का ते डॉक्टरला इचार.” विचारलं. तपासण्या झाल्या, सिस्टरनी शिकवलं. पुढच्या वर्षी चुलत भावाच्या लग्नात मी लघवीच्या पिशवीशिवाय जेवायच्या पंगतीला बसलो होतो. “डॉक्टरला इचार” हे शब्द विसरू नका. चांगला मार्गदर्शक स्वतःची गोळी दुसऱ्याला देत नाही.

आता खरी गोष्ट. माणूस घरी आला की तुम्ही खोलीबाहेर जा. आईंनाही न्या. तुमच्या भावाच्या मनात जे प्रश्न असतील ते तो तुमच्यासमोर मेला तरी विचारणार नाही. संडास कसा होतो, कपड्यात झालं तर काय करायचं, लग्न होईल का, बायकोशी संबंध येईल का, मूल होईल का. मी शेवटचे तीन प्रश्न विचारू शकलो ते आई त्या दिवशी दळण आणायला गेली म्हणून. उत्तरं ‘नाही’ अशी नव्हती. वाट वेगळी असते, काही वेळा वैद्यकीय मदत लागते, एवढं मामांनी स्वतःच्या संसारावरून सांगितलं. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी नीट झोपलो.

माणूस निवडताना इजेची पातळी बघा. कमरेखालची इजा असलेल्याला मानेच्या इजेवाल्याचा दिवस कसा जातो हे पुरतं कळत नाही. छातीच्या वरच्या भागात, साधारण डी-6 (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा असेल, तर लघवी तुंबली तरी अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो, बीपी चढतं. अशा वेळी आधी बसतं करायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठं अडकली का बघायचं आणि लगेच मदत बोलवायची. हे अनुभवलेला माणूस लागतो. मुलगी असेल तर बाईच हवी. आणि “मी चाललो, तूही चालशील” म्हणणारा नको. अर्धवट इजा (खाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरलेली) आणि पूर्ण इजा यांचे रस्ते वेगळे असतात. तीन महिन्यांत कुणी कुणाचं भविष्य सांगू नये, चांगलं नको, वाईटही नको. औषध विकणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

लोक मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतील. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. शेजारच्याच सांगली जिल्ह्याचा माणूस, अभिमान वाटतोच. पण पहिल्या वर्षात मला पदक नको होतं, संडासापर्यंत जाता यावं एवढंच हवं होतं. नसीमा हुरजूक यांचं मात्र जरूर सांगा. ऐन तारुण्यात पाय गेले आणि त्यांना उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून. बाबूकाका स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे, होते. पुढे नसीमादीदींनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. संस्थेच्या उचगावच्या ‘घरौंदा’ वसतिगृहात जाऊन विचारा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारा. फिजिओथेरपिस्ट अशा माणसांना नावानिशी ओळखतात.

भावाला आधी विचारा. नको म्हणाला तर दोन-तीन आठवडे थांबा, पुन्हा विचारा. पहिल्या भेटीत तो बोलणार नाही, तरी चालेल.

आणि येणारा माणूस खुर्चीवरून येईल, तेव्हा दारातल्या पायरीला टेकवायला एक जाड फळी आदल्या दिवशीच बघून ठेवा. न्हाणीच्या दाराची रुंदीही मोजून ठेवा, तो ती विचारेलच.