अस्सल की नक्कल? घड्याळांविषयी वाचकांचे प्रश्न

एक मित्र रोलेक्स सबमरिनर विकतो आहे. सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत जातो. म्हणजे अस्सलच ना?

नाही. ही परीक्षा जुनी झाली. नकलांत सेलची मशीन असायची तेव्हा काटा दर सेकंदाला एक उडी मारायचा आणि लबाडी उघडी पडायची. सबमरिनरची मशीन तासाला 28,800 ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ. आज नकलांतही त्याच गतीची ऑटोमॅटिक मशीन बसवतात. तारखेचे मॉडेल असेल तर काचेवरचे भिंग पाहा. अस्सल घड्याळात तारीख अडीचपट मोठी दिसते आणि चौकट भरून टाकते. ती बारीक दिसली तर घड्याळ परत करा. मोठी दिसली तरी हुरळून जाऊ नका, चांगल्या नकलांना आता तेही जमते. मागचे झाकण काचेचे असेल तर मात्र ते सबमरिनर नव्हेच. पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झाकण उघडून मशीन तपासून घ्या. मित्र टाळाटाळ करू लागला तर व्यवहार सोडून द्या.

बॉक्स आणि कार्ड आहे, सिरियल नंबरही जुळतो. आणखी काय पाहायचे?

घड्याळ पाहायचे. बॉक्स आणि कार्ड वेगळे विकत मिळतात, आणि एका खऱ्या घड्याळाचा नंबर शंभर नकलांवर कोरता येतो. 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 1957 चे एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकवर गेले. घेणारे होते ओमेगाचेच संग्रहालय! 2023 मध्ये कंपनीला सांगावे लागले की ते ठिकठिकाणचे भाग जुळवून उभे केलेले होते.

हौसेसाठी फर्स्ट कॉपी घेतली तर काय बिघडले?

विकणाऱ्याला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. तुमचे नुकसान वेगळे: मशीन बिघडली की भाग मिळत नाहीत आणि अधिकृत केंद्र ते दुरुस्तीला घेत नाही. तेवढ्याच पैशांत टायटनचे चांगले घड्याळ येते.

आजोबांचे एचएमटी जनता बंद पडले आहे, तबकडीवर डाग आहेत. ऑनलाइन तसेच नवेकोरे 1,500 रुपयांना दिसते. घेऊ का?

घेऊ नका. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला, आणि जनता तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. इतक्या स्वस्तात तबकडी करकरीत दिसत असेल, तर ती बहुधा नव्याने रंगवलेली आहे. संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: दोन-तीन मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे आणि वर भडक तबकडी चढवायची. 1865 मध्ये मुंबईत आलेली स्विस कंपनी फेवर लुबा आणि जुनी वेस्ट एंड यांच्या नावावरही हा धंदा जोरात चालतो. मशीन बहुतेकदा खरी असते, म्हणूनच माणूस फसतो. भिंगातून पाहा: तबकडीवरची ‘17 ज्वेल्स’, ‘पॅराशॉक’ ही अक्षरे फुगलेली किंवा तिरकी असतात, मिनिटांच्या रेघा कडेला धड जुळत नाहीत. एचएमटीच्याच पायलटसारख्या, अंधारात चमकणाऱ्या ‘रेडियम’च्या घड्याळात काट्यांवरचे रेडियम पिवळट आणि तबकडीवरचे पांढरेशुभ्र असेल, तर दोन्ही एका वयाचे नाहीत.

आजोबांचे घड्याळ जुन्या घड्याळजींकडे न्या. साफसफाई आणि तेल एवढेच करायला सांगा. तबकडी रंगवू का, असे ते विचारतील. त्यांना स्पष्ट नाही म्हणा, ते डाग तसेच राहू द्या.