चढता क्रम आणि चढती उपक्रमिका

विविक्त गणिताची (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सची) टिपणं मराठीत आणणाऱ्या एकाने विचारलं आहे: ‘इन्क्रीझिंग सबसीक्वेन्स’ला, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांतल्या काही गाळून उरलेल्या वाढत्या संख्यांना, ‘चढता उपक्रम’ म्हणावं की ‘वर्धमान’ काहीतरी?

‘उपक्रम’ नको. शाळेत वृक्षारोपणाचा उपक्रम असतो. तो अर्थ इतका रुजला आहे की वाचक अडखळणारच. दहावीच्या पुस्तकात सीक्वेन्सला ‘क्रमिका’ आहे, तेव्हा ‘उपक्रमिका’ म्हणा. ‘चढती’ मात्र जरूर ठेवा. चढता क्रम, उतरता क्रम हे प्राथमिक शाळेपासून आपल्या तोंडी आहेत, ‘चढत्या भाजणीने’ असंही आपण सहज बोलतो. ‘डिक्रीझिंग’साठी ‘ऱ्हासमान’ वाचलं की जंगलांचा नाहीतर मूल्यांचा ऱ्हास आठवतो. 9 नंतर 4 आला, यात ऱ्हास कसला?

खरी मेख क्रियापदात आहे. चढत्या क्रमाने संख्या आपण ‘लावतो’, म्हणजे त्यांच्या जागा बदलतो. उपक्रमिका ‘वेचायची’ असते: नको त्या संख्या गाळायच्या, उरलेल्या जिथल्या तिथे ठेवायच्या. 3, 5, 1, 4, 2 घ्या. यातला 3 आणि 1 गाळला की 5, 4, 2 ही उतरती उपक्रमिका मिळते. पण 1, 2, 3 ही यातली चढती उपक्रमिका नव्हे, कारण 3 सगळ्यांच्या आधी उभा आहे. म्हणून टिपणात ‘लावा’ लिहू नका, ‘निवडा’ किंवा ‘वेचा’ लिहा. वेचलेल्या संख्या शेजारीशेजारी असायला हव्यात असंही नाही. तशी अट असेल तिथे ‘सलग’ हा शब्द वेगळा घाला.

हा कीस उगाच काढत नाही. पॉल एर्डिश आणि जॉर्ज सेकेरेश या गणितज्ञांच्या 1935 च्या निबंधातलं प्रमेय याच भेदावर उभं आहे. पाच वेगवेगळ्या संख्या कशाही मांडा, तिघींची चढती किंवा उतरती उपक्रमिका सापडतेच. दहांत चौघींची, सतरांत पाचजणींची. चारच संख्या असतील तर तिघींची हमी नाही: 2, 1, 4, 3 पाहा. इथे ‘वेचा’च्या जागी ‘लावा’ म्हटलं तर प्रमेयात काही उरतच नाही, कारण लावायच्या म्हटल्या तर कुठल्याही संख्या चढत्या लागतात.

समान संख्या चालत असतील तर ‘न उतरती’ लिहा. 2, 2, 7 ही न उतरती आहे, चढती नाही.