पावसाचे जुने उच्चांक आणि हवामान बदल

प्रश्न : चेरापुंजीचा बारा महिन्यांतल्या २६,४६१ मिमी पावसाचा विक्रम १८६०-६१ चा. चोवीस तासांतला १,८२५ मिमीचा विक्रम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा, १९६६ चा. दोन्ही अजून मोडलेले नाहीत. मग पाऊस टोकाचा होत चाललाय, हे कशावरून?

उत्तर : आकडे बरोबर आहेत. मात्र ७२ तासांचा ३,९३० मिमीचा विक्रम याच रियुनियनवर २००७ मध्ये झाला, तोही धरायला हवा. अर्थात त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. जागतिक विक्रम ही एका पर्जन्यमापकातली, एका वादळाची नोंद असते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. नोंद फक्त कुलाब्याला होत असती, तर तो दिवस कुठल्याही यादीत आला नसता.

खरी कसोटी अनेक केंद्रांची मिळून लागते. प्रत्येक केंद्राचा दरवर्षीचा सर्वाधिक एकदिवसीय पाऊस ओळीने मांडा. हवामान बदलत नसेल, तर शंभराव्या वर्षी नवा उच्चांक होण्याची शक्यता शंभरात एक असते. त्यातल्या शेवटच्या ५० वर्षांत मिळून (१/५१ पासून १/१०० पर्यंतची बेरीज) दर केंद्री सरासरी ०.६९, म्हणजे शतकभराच्या सलग नोंदी असलेल्या १०० केंद्रांवर सुमारे ६९ उच्चांक नुसत्या योगायोगाने होतात. मोजणी याच्या बरीच वर गेली, तरच बदलाबद्दल बोलावं. दहा वर्षं जुन्या केंद्रावर ‘विक्रमी पाऊस’ झाल्याची बातमी आली तर फार मनावर घेऊ नये; तिथे ती शक्यता मुळातच दहात एक असते.

मोजताना फसगत होते ती अशी. शेजारशेजारच्या केंद्रांवर एकाच वादळाने उच्चांक झाले, तर ते स्वतंत्र धरता येत नाहीत. मापकाची जागा बदललेली असते, किंवा बाजूला झाड वाढून आडोसा झालेला असतो. नोंद सकाळी साडेआठला होते, त्यामुळे त्याआधी सुरू होऊन नंतरही चाललेला एकच पाऊस दोन दिवसांत विभागला जातो, म्हणून दोन दिवसांची बेरीजही तपासावी. स्वयंचलित मापकातली छोटी बादली दर ०.२ मिमीला उलटते. मुसळधार पावसात ती उलटेपर्यंत वरून पडणारं पाणी निसटतं आणि नोंद कमी येते. नेमक्या मोठ्या पावसातच ही चूक वाढते, त्यामुळे जुन्या साध्या मापकाची नोंद नव्याशी थेट जुळवू नये.

पाऊस टोकाचा होण्यामागचं कारण भौतिकशास्त्रातलं आहे. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून मोठा पाऊस आणखी मोठा होतो. एकूण पाऊस मात्र तितका वाढत नाही. १९५० नंतर, जिथे पुरेशा नोंदी आहेत अशा बहुतेक भूभागांवर अतिवृष्टीची वारंवारता आणि तीव्रता वाढल्याचं आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) सहाव्या अहवालात नोंदलेलं आहे.

प्रश्न : मग प्रत्येक पूर हवामान बदलाचाच का?

उत्तर : नाही, आणि तसं सरसकट म्हणणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलं आहे. पाऊस आणि पूर वेगळे मोजायचे असतात. नाला बुजवला, नदीपात्रात भराव घातला, की नेहमीच्या पावसातही पाणी घरात शिरतं. एका घटनेबद्दल इतकंच विचारता येतं : आजच्या तापमानात असा पाऊस होण्याची शक्यता पूर्वीपेक्षा किती पटींनी वाढली?