वाचकांचे प्रश्न : अडखळणे घालवायचे की स्वीकारायचे?

प्रश्न : माझे वय सव्वीस आहे. आमचे घर तीन पिढ्यांपासून इंदूरच्या रामबागेत आहे. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो, आणि दोन्ही भाषांत मी लहानपणापासून अडखळतो. छप्पन दुकान या खाऊगल्लीत कचोरी खायची असते, पण 'क' अडकणार हे आधीच जाणवते, म्हणून समोसा मागून मोकळा होतो. घरच्या पूजेत सगळ्यांबरोबर आरती खणखणीत म्हणतो. मात्र त्याच पूजेच्या संकल्पात गुरुजींनी नाव-गोत्र विचारले की स्वतःचेच नाव तोंडातून निघत नाही. स्पीच थेरपी केली, पण तिथे सुधारलेले बोलणे बाहेर टिकले नाही. अलीकडे एका स्वमदत गटात जाऊ लागलो आहे. तेथे सांगतात की अडखळणे लपवू नका, स्वीकारा. बाबा म्हणतात की ही सरळसरळ हार आहे आणि बँकेच्या मुलाखतीत स्वीकाराचे गुण कोणी देत नाही. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : मुलाखतीबद्दल तुमचे बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे. मुलाखत घेणाऱ्यांपैकी अनेकांना अडखळणे म्हणजे घाबरटपणा किंवा अपुरी तयारी वाटते, आणि ही समजूत तुम्ही स्वतःला स्वीकारल्याने बदलणार नाही. परंतु बाबा ज्या दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरतात, तो आज उपलब्ध आहे का, हेही पाहिले पाहिजे. प्रौढांपैकी शंभरात साधारण एकजण अडखळतो आणि त्या वयात हा दोष मुळापासून काढून टाकील असे औषध किंवा उपचार अजून सापडलेले नाहीत. संथ लयीत, शब्द लांबवून बोलायला शिकवणाऱ्या पद्धतींनी थेरपिस्टसमोर झपाट्याने फरक पडतो आणि घाईगर्दीच्या व्यवहारात तो पुष्कळदा ओसरतो. तुमचा अनुभव त्यामुळे अपवाद नाही, आणि त्यात तुमचा आळसही नाही.

तुमच्या आरतीचे उदाहरण फार बोलके आहे. इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना किंवा गाताना तीव्र अडखळणाऱ्यांचेही बोलणे बहुधा सुरळीत होते. जिभेत किंवा घशात खोट असती, तर असे घडले नसते. (१८४१ मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख या शल्यविशारदाने जिभेलाच दोषी धरून रुग्णांच्या जिभेचा तुकडा कापण्याची शस्त्रक्रिया केली होती, तीही बेशुद्धीच्या औषधाशिवाय, घरगुती सल्ल्यांना कंटाळाल तेव्हा हे आठवावे.) बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत हा फरक असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. स्वतःचे नाव सर्वांत अवघड जाते, कारण त्याच्या जागी दुसरा शब्द घालता येत नाही.

कचोरीच्या जागी तुम्ही समोसा मागितलात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या आणि बाबांच्या हिशेबी तुम्ही न अडखळता बोललात. माझ्या मते तुमच्या आजाराचा मोठा भाग तेथेच आहे. शब्द बदलणे, फोन टाळणे, ठाऊक असलेले उत्तर वर्गात न देणे, हे सारे लोकांना दिसत नाही आणि आयुष्य मात्र तेच आखडून टाकते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी ही टाळाटाळ कमी करण्यालाच उपचार मानले, आणि तिथल्याच वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी अडखळणे बंद करण्याऐवजी ते सैल करायला शिकवले : शब्द अडकला की जोर लावायचा नाही, माघारही घ्यायची नाही, तेथेच ताण उतरवून हळूच पुढे सरकायचे. दोघेही स्वतः अडखळत असत. स्वीकार हा उपचाराच्या विरुद्ध आहे हा समज त्यांच्या कामापुढे टिकत नाही, कारण जे लपवायचे आहे त्यावर चारचौघांत सराव करता येत नाही.

तरीही गटातल्या मंडळींशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. आपल्या देशात २००८ पासून काम करणाऱ्या 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'सारख्या संस्थांनी लपून राहणाऱ्या अनेकांना बोलते केले, हे निर्विवाद आहे. परंतु काही ठिकाणी स्वीकाराचीच सक्ती होऊ लागते, आणि ज्याला अजून बोलणे सुधारायचे आहे त्याला 'तुला स्वतःची लाज वाटते' असे ऐकवले जाते. हाही दबावच आहे. किती सराव करायचा आणि कोठे थांबायचे, हे बोलणाऱ्याने ठरवावे. बाबांनी नाही आणि गटानेही नाही.

मुलाखतीत आरंभीच, माफी न मागता, "मी अडखळतो, मला थोडा वेळ लागेल" असे सांगून टाकावे. समोरचा तुमचे वाक्य पुरे करू लागला, तरी ते तुम्हीच पूर्ण करावे. याची तालीम कचोरीच्या दुकानावर, गर्दीच्या वेळी करावी. आणि बाबांना एकदा त्या गटात घेऊन जावे; पंचावन्न-साठीचे अडखळणारे गृहस्थ नोकरीतले अनुभव सांगताना त्यांनी ऐकले, तर तुमच्या समजावण्याची फारशी गरज उरणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. काही महिन्यांपासून तो 'मा-मा-मला' असे बोलतो. सासूबाई वेखंड उगाळून मधातून चाटवतात आणि मी त्याला टोकते म्हणून असे झाले, असेही म्हणतात. मुलाच्या बाबतीतही स्वीकारच करायचा का?

उत्तर : या वयात उत्तर निराळे आहे. बहुतेकांचे अडखळणे दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे पुढे काही वर्षांत आपोआप थांबते. वेखंडाची कीर्ती बहुधा यातूनच आली असावी. त्या काळात जे काही चाटवले जाईल, त्याला श्रेय मिळते. बरे न होणाऱ्या मुलांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. पालकांच्या टोकण्यातून हा दोष जन्माला येतो, हे मत विसाव्या शतकात बराच काळ प्रचलित होते. आज ते मानले जात नाही, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. टोकणे मात्र थांबवा. 'हळू बोल', 'नीट बोल' असे न म्हणता स्वतः सावकाश बोला आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहा.

आपोआप बरे होण्याच्या भरवशावर मात्र सगळे सोडू नका. घरात आणखी कोणी अडखळणारे असेल, बोलताना मुलगा डोळे मिटत किंवा मान झटकत असेल, किंवा हे सहा महिन्यांहून अधिक चालले असेल, तर लवकर दाखवा. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे टिकून राहण्याचा संभवही जास्त असतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम्ब ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. तिच्यात पालकच घरी रोज थोडा वेळ ठरलेल्या रीतीने मुलाशी बोलतात आणि थेरपिस्ट त्यावर देखरेख ठेवतो. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे ना, हे विचारून घ्यावे. खात्रीशीर इलाजाची हमी देणाऱ्या जाहिरातवाल्यांकडे जाऊ नये.