मुलगा शिकायला गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो

मी समुपदेशन करते, आणि जून-जुलै संपला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पोरगा किंवा पोरगी पुण्याला, बंगलोरला शिकायला गेली, घर रिकामं झालं आणि आता नवरा-बायकोला बोलायला विषयच नाही. मग घाबरत विचारतात, मॅडम आमच्यात प्रेम उरलं नाही का हो?

गेल्या वर्षी नागपुरातल्या मानेवाड्याकडून एक ताई आल्या होत्या, वय ४७ (त्यांना विचारूनच लिहून राहिले, ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला. आल्या त्या मात्र झोपेची तक्रार घेऊन. रात्री तीनला जाग येते, घाम फुटतो, कूलर समोर असून अंगाची आग होते, आणि सकाळी नवऱ्यानं चहा मागितला तरी डोकं फिरतं. पोळ्याच्या आधी कपाटावरचा मुलाचा लाकडी बैल साफ करायला काढला, लहानपणी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मुलगा मोहल्ल्यात ओढत न्यायचा तो, आणि तिथंच खाली बसून रडल्या. नवरा म्हणाला, अगं तो काय लढाईवर गेला का? झालं, दोन दिवस अबोला.

मी आधी प्रेमाबिमाचं काही बोललेच नाही. पाळीचं विचारलं. वर्षभरापासून पुढेमागे होत होती, पण हे कोणाला सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५५ च्या दरम्यान जाते, सलग १२ महिने आली नाही की गेली असं धरतात, पण त्याच्या आधीची काही वर्षंच जास्त छळतात. झोप उडते, गरम वाफा येतात, चिडचिड होते, विनाकारण रडू येतं. थायरॉइड बिघडलं तरी बरंच असंच होतं. म्हणून आधी बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं, रक्त तपासायला सांगितलं. खरं सांगते, अर्धी भांडणं न झालेल्या झोपेची असतात आणि खापर लग्नावर फुटतं. औषधपाण्यानं झोप जरा जागेवर आली, मग म्हटलं आता दादांना घेऊन या.

दादा आले ते "मी काय पागल आहे का" याच चेहऱ्यानं. म्हणाले, मॅडम, ही पोराशी फोनवर तासभर बोलते आणि मी घरी आलो की फक्त "वाढू का" विचारते. ताई म्हणाल्या, तुम्ही तरी काय बोलता, गेट लावलं का, मोटर बंद केली का. दोघंही खरंच बोलत होते. दहावी, बारावी, जेईईचे क्लास, डबे, फी, टेस्टचे मार्क, अठरा वर्षं हे दोघं एका प्रोजेक्टवरचे पार्टनर होते आणि प्रोजेक्ट संपला. अशा वेळी प्रेम आटलं असं वाटतं खरं, पण पोराचं सोडून दुसरं काही बोलायची सवयच गेलेली असते. आणि मग ती पोकळी पोराच्या फोननं भरायला जातो. दिवसातून चार-चार कॉल, जेवला का, झोपला का. तो फोन उचलेना तर "बदलला" म्हणायचं. होस्टेलवरच्या पोरानं आईबाबांचं लग्न सांभाळायचं का, हे मी जरा कडकच विचारते, तसं त्यांनाही विचारलं.

फोन कधी करायचा ते मुलालाच ठरवू द्या म्हटलं, त्यानं रविवार आणि बुधवार सांगितला. दुसरं म्हणजे जेवण झाल्यावर वीस मिनिटं, टीव्ही बंद, मुलाचं नावही काढायचं नाही. सुरुवातीला लाइटबिल आणि शेजाऱ्यांची गाडी एवढंच निघायचं. मग एक दिवस दादा बोलून गेले की दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रमोशन हुकलं होतं. घरी सांगितलंच नाही, पोराची बारावी होती, म्हटलं कशाला. ताई भडकल्या. प्रमोशन हुकल्याचा राग नव्हता, आपल्याला सांगितलं नाही याचा होता, आणि मला तो राग फार बरा वाटला, कारण बऱ्याच दिवसांनी त्या नवऱ्यावर नवरा म्हणून रागावल्या होत्या, पोराचा बाप म्हणून नाही.

ताईंचं आणखी एक होतं. मुलानं रूमवर लावायला आईचा फोटो मागितला आणि मोबाइलमधे एकही सापडेना. लग्न असो की बारसं, फोटो काढायला ह्याच पुढे, म्हणजे आपण त्यात यायला नको. म्हणाल्या, हे पोट, हे पांढरे केस, कोणाला दाखवू बाप्पा. आता आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणायला लावणारे लोक आहेत, माझा त्यावर विश्वास नाही. मी एवढंच म्हटलं की फोटोत या, आवडला नाही तरी चालेल, फक्त डिलीट करायचा नाही. यंदा मारबतीच्या मिरवणुकीत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा घालवायला मारबतीचे पुतळे काढतात ती) दादांनी गर्दीतच सेल्फी काढला, मागे "घेऊन जा गे मारबत" चाललेलं. ताईंना स्वतःची हनुवटी अजिबात आवडली नाही. पण पाठवला पोराला.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही हेही सांगते. दोन आठवड्यांच्या वर मन उदासच आहे, कशातच जीव लागत नाही, मरणाचे विचार येतात, तर वाट बघू नका, मानसोपचार डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ह्या दोघांचं अजून सुरू आहे. सध्या वाद मुलाच्या खोलीवर, दादांना तिथं स्वतःचं टेबल टाकायचंय, ताई म्हणतात दिवाळीला तो आल्यावर काय म्हणेल. मी म्हटलं, बुधवारी फोनवर त्यालाच विचारा ना.