घडाघडा वाचते, पण सांगता येत नाही

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. धडा घडाघडा वाचते, पण ‘काय वाचलंस?’ विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसते. काय करू?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : ताई, जावळीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं काढली. अशी मुलं दर वर्षी भेटली. त्यांचं सगळं बळ अक्षरं जोडण्यातच संपतं, अर्थासाठी काही उरत नाही. आणि ‘काय वाचलंस?’ हा प्रश्न पेपर वाचून झाल्यावर मला विचारलात, तर मीही गप्प बसेन!

गोष्ट दहा-बारा ओळींचीच घ्या. आपली चिमणी-कावळ्याचीच घ्या ना. ‘कावळ्याचं घर शेणाचं’ इथे बोट ठेवून थांबा. ‘आता पाऊस आला तर गं?’ तिला अंदाज करू द्या, मग पुढे वाचा. उत्तर चुकलं तर ‘नाही’ म्हणू नका. ‘कशावरून?’ म्हणा आणि ओळ तिलाच शोधू द्या. माझ्या वर्गातली एक पोरगी म्हणाली होती, ‘गुरुजी, चिमणीला दार उघडायचंच नव्हतं. तीट लावायला एवढा वेळ लागतो होय?’ हे गोष्टीत कुठेच लिहिलेलं नाही. पोरीनं ते ओळींच्या मधून वाचलं होतं.

तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. मग पुस्तक मिटून आजीला सांगायला लावा. आजी मध्ये मध्ये ‘मग?’ विचारतेच. धड्याखालचे प्रश्न सध्या राहू देत.

सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली. पुस्तक मात्र तिलाच निवडू द्या, नुसत्या चित्रांचं उचललं तरी.