आधी वायर जोडून बघ

अरे, कॉम्प्युटर हळू चालतो नि नेट रडतं म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर कशाला? जुन्यात हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाक, चालू करतानाच फरक कळेल. रॅम (कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी) आणायला जाताना तुझी डीडीआर३ की डीडीआर४, म्हणजे कुठल्या पिढीची, ते बघून जा. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

नेटचं दुखणं मात्र रॅमने बरं होत नाही. कॉम्प्युटरपासून लॅनची (नेटची) वायर थेट राउटरला, म्हणजे वायफायच्या डब्याला, लावून स्पीड मोज. वायरवर ठणठणीत आणि वायफायवर रडका, तर बहुतेक घरातल्या भिंती आड येतायत. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला की समज, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. मग रीस्टार्ट करत बसू नकोस, नेट कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर घे.

आणि नेटचा प्लॅन महिन्याचाच घे. रामबागेत राहताना मी वर्षाचे पैसे आगाऊ भरले नि पावसाळाभर तक्रारीचे फोन फिरवत बसलो!